पाय न हलवता

"मुलीला ऐकू येत नाही," तो म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्याला आश्चर्य वाटलं ते एवढ्याचंच, की वाक्य किती सहज आलं. जीभ अडखळली नाही, आवंढा गिळावा लागला नाही, नजर दुसरीकडे वळवावी लागली नाही. बोटींच्या रांगेला लागून, अडचण असलेल्या मुलांसाठी ठेवलेल्या लहान दाराशी उंच स्टुलावर बसलेल्या हिरव्या टी-शर्टातल्या बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या कडेवरच्या बिटकीकडे पाहिलं आणि विचारलं, "दोन्ही कानांनी?" चहात साखर किती असं विचारावं, तितक्या साधेपणाने. "दोन्ही," तो म्हणाला. त्याच्या मागे रिकामी बाबागाडी धरून बायको उभी होती. बाईंनी कसला दाखला मागितला नाही, खोदून खोदून विचारलं नाही. गळ्यातल्या पिशवीतून एक पिवळी कापडी पट्टी काढली, बिटकीच्या मनगटाला बांधली, घट्ट तर होत नाही ना म्हणून आत बोट घालून पाहिलं. आणि मग तिच्याशी एक शब्दही न बोलता आपला तळहात तिच्या तोंडासमोर धरून बोटं एकेक करून मिटली आणि एकदम उघडली. बिटकी खदखदून हसली. "किती टक लावून बघते हो!" बाई म्हणाल्या. हे वाक्य त्याने आजवर शेजाऱ्यांकडून, पाळणाघरातल्या ताईंकडून, स्वतःच्या आईकडून इतक्यांदा ऐकलं होतं, की त्यावर कोणतं हसू हसायचं हेही ठरलेलं होतं. ते हसून तो आत गेला.

सगळा घोटाळा रांगेने केला, असं निदान सुरुवातीला तरी त्याला स्वतःशी म्हणता आलं. दारं उघडायच्या आधी येऊनसुद्धा बोटींच्या सफरीपुढे माणसांचा नुसता गुंता झाला होता. दोरखंडाच्या या वळणातून त्या वळणात जायचं, पुन्हा तीच तोंडं समोर, पुन्हा तेच कसनुसं हसणं. ऊन डोक्यावर चढत होतं. बिटकी आधी कुरकुरली, मग लाकडासारखी ताठ झाली, मग कमान करून मागे पडायला लागली. "चल, जाऊ या परत," बायको म्हणाली. "तिला काय कळतंय यातलं? घरी बादलीभर पाणी पुढे ठेवलं असतं तरी तेवढीच खूश झाली असती." बायकोचं बरोबरच होतं. पण त्याला परत जायचं नव्हतं. या एका दिवसावर त्याने मनातल्या मनात फार काही लावून ठेवलं होतं. त्याच्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने मागे एकदा डबा खाता खाता सांगितलं होतं, "आमचं कार्टं तोंडातून अक्षर काढायचं नाही. त्या करमणुकीच्या पार्कात नेलं, तिथली ती वेश घातलेली मोठी खार नाचताना बघितली, आणि जे 'खाल, खाल' करून सुटलं ते आजतागायत थांबलेलं नाही. आता वाटतं, नसतं नेलं तर बरं झालं असतं." सगळे हसले होते. तोही हसला होता. आणि त्याच संध्याकाळी घरी जाऊन त्याने बायकोला म्हटलं होतं, की आपण बिटकीला घेऊन त्या पार्कात जाऊ या. बिटकीला दोन वर्षं होऊन गेली होती. ती काहीच बोलत नव्हती.

लहान दारातून आत गेल्यावर वाट रांगेच्या कडेकडेनेच जात होती. मध्ये फक्त एक लोखंडी कठडा. म्हणजे ज्यांच्याबरोबर आत्तापर्यंत घाम पुसला त्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, अगदी त्यांच्या नाकासमोरून पुढे जायचं. त्या सगळ्यांत रांगेत यांच्या शेजारी उभा असलेला दोन मुलांचा एक बाप होता. गेला तासभर त्याची आणि याची रांगेतली दोस्ती जमली होती, आणि रांग मोडणाऱ्यांना काय काय केलं पाहिजे यावर दोघांचं एकमत झालं होतं. 'असल्यांना उलटं टांगलं पाहिजे' हे वाक्य तर याचं स्वतःचं होतं. त्या बापाने आता याला कठड्यापलीकडून जाताना पाहिलं आणि त्याच्या कपाळावर आठी आली. त्याच्या थोरल्याने बोट दाखवलं. मग बापाची नजर बिटकीच्या मनगटावर गेली. आठी विरली. त्याने पोराचं बोट हळूच धरून खाली केलं आणि याच्याकडे बघून मान हलवली, जणू आपलंच काही चुकलं होतं. त्यापेक्षा त्याने चारचौघांत शिवी हासडली असती तर परवडलं असतं. याचे कान गरम झाले. त्याने बायकोकडे पाहिलं. ती बाबागाडीची घडी घालत होती आणि तिचं सगळं लक्ष त्या घडीत होतं.

बोट एका बोगद्यात शिरली. अंधार, ओलसर गार हवा, पाण्यावर हलणारे निळे-हिरवे दिवे. दोन्ही काठांवर यंत्राची जनावरं माना हलवत होती. बिटकी त्याच्या मांडीवर बसून पाण्यातले दिवे धरायला हात लांब करत होती, आणि तिच्या केसांना घामाचा आणि बिस्किटाचा वास येत होता. एका वळणावर त्यांच्या अगदी मागे कुठलंसं जनावर असं काही डरकाळलं, की पुढच्या बाकावरची मुलगी किंचाळून आईला बिलगली, बायको दचकली, तो स्वतः दचकला. बिटकी पाण्याकडेच बघत होती. आणि त्याच क्षणी त्याचा उजवा गुडघा आपोआप, त्याला न विचारता, तिच्या मांडीखाली वर उचलला गेला. बिटकीने वळून मागे पाहिलं. बघणाऱ्याला वाटावं, डरकाळी ऐकून वळली. त्याने गुडघा खाली घेतला. अंधार होता म्हणून बरं, असं त्याला वाटलं, आणि त्या वाटण्याचीच त्याला शिसारी आली.

त्या गुडघ्याची विद्या त्याने कुणाकडून घेतली होती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो गाडी चालवण्याची परीक्षा घेणारा होता. रोज सकाळपासून दुपारपर्यंत, आखलेल्या मैदानात आणि मग रस्त्यावर, थरथरत्या हातांच्या माणसांशेजारी बसायचं आणि त्यांना पास किंवा नापास करायचं. गाडी मागे घेण्याच्या चाचणीत तो इतक्यांना पाडायचा, की शिकवणी चालवणाऱ्यांनी त्याचं नाव 'रिव्हर्स' ठेवलं होतं. 'आज कोण आहे?' 'रिव्हर्स आहे.' 'मेलो मग.' त्याला या नावाचा आतून अभिमानच होता. शिकवणारे मागच्या सीटवर बसत, आणि त्यांच्या सगळ्या क्लृप्त्या त्याला पाठ होत्या. वळायची वेळ आली की खाकरायचं. थांबायचं असलं की चावी वाजवायची. आणि फारच पक्का असला तर पुढच्या सीटच्या पाठीला गुडघा लावून बसायचा. एकदा दाबला की डावीकडे, दोनदा दाबला की उजवीकडे. तो मागे न बघता म्हणायचा, "साहेब, गुडघा काढा," आणि परीक्षा तिथेच संपवायचा. एक बाई एकदा रडली होती. "एवढ्यासाठी नापास?" असं तिने विचारलं होतं. तेव्हा तो म्हणाला होता, "बाई, उद्या रस्त्यावर मागे कोणी बसलेलं नसेल." हे वाक्य त्याला आवडलं होतं, आणि घरी येऊन त्याने ते बायकोला ऐकवलंही होतं.

ते शेजारच्या घरातल्या भिंतीपासून सुरू झालं. शेजाऱ्याला कपाट बसवायचं होतं, त्यासाठी त्याने दुपारी ड्रिल लावलं, आणि मधली भिंत अशी काही थरथरायला लागली की यांच्या खिडकीची काच वाजली. बिटकी भिंतीपासून दूर, जाड गादीवर झोपली होती. तिची पापणीही हलली नाही. "कुंभकर्ण आहे नुसती," बायको हसून म्हणाली होती, आणि तोही हसला होता, पण हसता हसता त्याने बिटकीच्या पापणीकडे पुन्हा एकदा पाहिलं. दुसऱ्या दिवशी बायको कामावर गेल्यावर त्याने स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्याचं झाकण बिटकीच्या मागे जमिनीवर टाकलं. ती वळली. त्याला इतका आनंद झाला, की त्याने तिला उचलून छताला लावलं. मग त्याच्यातल्या परीक्षकाने मान वर काढली. त्यांच्या घराची जमीन लाकडी फळ्यांची होती. त्याने बिटकीला बाहेरच्या खोलीतल्या जाड गालिच्यावर बसवलं आणि तेच झाकण हातात धरून डावाने वाजवलं. वाजवलं, पुन्हा वाजवलं. ती गालिच्याचे धागे उपटत राहिली. पूर्वी ती पाळण्यात पडल्या पडल्या 'बा बा बा' करत असायची. ते कधीतरी हळूहळू कमी होत गेलं होतं आणि कोणत्या दिवशी थांबलं ते कुणाला सांगता आलं नसतं. त्याने झाकण जागेवर ठेवलं. गालिचा गुंडाळला आणि माळ्यावर टाकला. बायको आल्यावर "धूळ फार बसते, मुलीला खोकला होईल," असं सांगितलं. त्या दिवसापासून घरात बिटकीला हाक मारली की ती वळायला लागली. कारण हाक मारताना तो टाच आपटायचा. हलकेच, बोलण्याच्या भरात पाय हलावा तशी. फळी थरथरायची आणि ती वळायची. "बघ, बरोबर कळतं तिला," तो म्हणायचा. फोनवर आई म्हणायची, "अरे, आपल्याकडे सगळे उशिराच बोलतात. तुझा मामा चार वर्षांचा होईपर्यंत मुका होता, आणि आता त्याला गप्प बसवायला माणूस ठेवावा लागतो!" यावर तो सगळ्यांत मोठ्याने हसायचा.

तरी हे सगळं घरातलं होतं, घरातल्या घरात निस्तरता आलं असतं. कानांची ती तपासणी मात्र त्याला कुठेच ठेवता येत नव्हती. लहान मुलांच्या दवाखान्यातली ती खोली, उंची मोजायला भिंतीवर काढलेला जिराफ, वजनकाट्यावर अंथरलेला चुरगळता कागद. नर्सबाईंनी त्याला खुर्चीवर बसायला सांगितलं, बिटकीला त्याच्या मांडीवर दिलं, आणि हातात छोटी पितळी घंटी घेऊन त्या दोघांच्या मागे गेल्या. बायको दाराशी उभी होती, खांद्यावर बिटकीची पिशवी, तिचा पट्टा दोन्ही हातांनी धरलेला. डाव्या बाजूला घंटी वाजली. एका श्वासाएवढा वेळ काही झालं नाही. त्या एका श्वासात त्याने बायकोचा चेहरा पाहिला आणि त्याच्या डाव्या अंगठ्याने बिटकीची डावी मांडी दाबली. ती वळली. "छान!" मागून आवाज आला. मग उजवीकडे घंटी. उजवा अंगठा. "अगदी चलाख आहे हो!" ज्या माणसाने शेकडो लोकांना डोळ्याची पापणी न हलवता नापास केलं, त्याला आपल्या डोळ्यांसमोर आपली मुलगी नापास झालेली बघवली नाही, हे एक कारण. दुसरं कारण दाराशी उभं होतं. बायकोने पिशवीचा पट्टा सोडला आणि इतका लांब श्वास सोडला, की त्याला वाटलं, आपण तिला काहीतरी दिलं. परत जाताना ती गुणगुणत होती. तो मात्र निघताना दवाखान्याच्या दारावरचं पत्रक वाचून आला होता. लहानपणीच लक्षात आलं तर पुष्कळ काही करता येतं, असं त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, आणि खाली कानामागे यंत्र लावलेला एक मुलगा हसत होता. त्यानंतर एक आख्खा हिवाळा गेला आणि उन्हाळा आला. त्याला रोज वाटायचं, उद्या सांगू.

बोटीतून उतरल्यावर दुसऱ्या दाराशी, मग तिसऱ्या दाराशी पिवळी पट्टी बघून लोक बाजूला होत गेले. लाकडी घोड्यांच्या चक्रापाशी एका मुलाने आपला पांढरा घोडा सोडला आणि बिटकीला दिला. आइस्क्रीमच्या गाडीवरच्या म्हाताऱ्याने तिच्या कोनावर एक जास्तीचा गोळा ठेवला आणि वर कपाळाला हात लावून सलाम केला. इतकी चांगली माणसं त्याला एका दिवसात कधी भेटली नव्हती. प्रत्येक चांगुलपणाबरोबर तो आणखी आक्रसत गेला. एकदा, पाण्याच्या नळापाशी बिटकीचे चिकट हात धुताना, त्याच्या मनात आलं, की पट्टी सोडून खिशात टाकावी, त्या हिरव्या टी-शर्टातल्या बाईंकडे परत जावं आणि म्हणावं, की चुकलो, रांग टाळायला खोटं बोललो, आता सगळ्यांत मागे उभा राहतो. त्याची बोटं पट्टीच्या गाठीपर्यंत गेलीही. आणि तिथेच थांबली. पट्टी सोडायची म्हणजे काय म्हणायचं? मुलीला ऐकू येतं, असंच ना? आज दिवसभरात, नव्हे कित्येक महिन्यांत, त्याच्या तोंडून निघालेलं ते एकच वाक्य खरं होतं, आणि तेवढं एकच परत घ्यायला तो निघाला होता. नळाचं पाणी तसंच वाहत होतं. बिटकीने त्याखाली तळहात धरला होता आणि ती पाण्याला हसत होती. त्याने नळ बंद केला आणि तिचे हात आपल्या शर्टाला पुसले.

बायको बोलत नव्हती असं नाही. "टोपी घाल तिला," "बाटली दे," असं बोलत होती. पाणीपुरवठ्याच्या तक्रारी फोनवर ऐकून घेणं हे तिचं काम. दिवसभर लोक तिच्या कानात ओरडायचे, आणि ती सगळ्यांशी त्याच एका सपाट, गोड आवाजात बोलायची. घरी तो आवाज तिने कधी वापरला नव्हता. आज मात्र बाटली मागताना तोच आवाज लागला होता. रांगेचा राग आला असणार, असं त्याने धरून चाललं. ती सरळ मार्गाची बाई होती. दुकानदाराने चुकून जास्त सुटे दिले तर वाटेतून परत जाणारी. आता घरी गेल्यावर झाडाझडती होणार, आणि ती झालेली बरी. तिच्या रागाची तो जवळजवळ वाट बघत होता.

दुपारी मिरवणूक निघाली. तीच ती मोठी खार पुढे, झुबकेदार शेपटी हलवत, आणि मागे ढोल. दोन्ही बाजूंना कठड्यापाशी गर्दी. लहान मुलांनी कानांवर हात घेतले होते, एकदोन भोकाड पसरून रडत होती. बिटकी सगळ्यांत पुढे होती. दोन्ही मुठींनी तिने कठड्याची लोखंडी दांडी घट्ट धरली होती, आणि ढोल जवळ आले तसे तिचे डोळे मोठे मोठे होत गेले. मग तिने वाकून आपला गाल दांडीवर टेकवला आणि डोळे मिटून हसली. खार तिच्यापुढे थांबली, वाकली, आपला मोठा कापडी पंजा हलवला. आता, त्याला वाटलं. आता काहीतरी येईल तिच्या तोंडून. बिटकीचा गाल दांडीवरच होता. तिने डोळे उघडलेच नाहीत. खार पुढे गेली.

मिरवणूक संपल्यावर ते उपाहारगृहाबाहेरच्या लाकडी ओट्यावर बसले. बिटकी त्यांच्यापासून चार पावलांवर, त्यांच्याकडे पाठ करून, फळ्यांच्या फटीत अडकलेले रंगीत कागदाचे कपटे उकरून काढत होती.

"एक विचारू?" बायको म्हणाली.

"रांगेचं ना?" तो घाईघाईने म्हणाला. "चुकलंच माझं. मला माहितीये. सकाळपासून मेल्याहून मेल्यासारखं झालंय. पण ती इतकी रडत होती, की..."

"रांगेचं नाही." तिने कपाळावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "तुला कधीपासून माहितीये?"

समोरच्या टेबलावर कुणीतरी पेल्यातला बर्फ हलवत होतं. "काय माहितीये?" तो म्हणाला. "अगं, ते मी असंच बोललो. तोंडाला येईल ते. पटकन आत सोडतील म्हणून."

तिचा चेहरा जरा सैल पडला, हे त्याने स्पष्ट पाहिलं. तिला हेच ऐकायचं होतं. नवरा निर्लज्ज निघाला, रांग मोडायला पोटच्या पोरीला बहिरी म्हणाला. एवढंच असलं तर ती भांडेल, दोन दिवस बोलणार नाही, आणि वर्षाने पाहुण्यांसमोर हाच किस्सा हसत हसत सांगेल. इतक्या स्वस्तात सुटका त्याला आयुष्यात कुणी देऊ केली नव्हती. निर्लज्ज म्हणवून घ्यायला तो एका पायावर तयार होता.

"मग हाक मार तिला," बायको म्हणाली.

"अं?"

"बिटकीला हाक मार. इथूनच." आणि मग जरा थांबून, त्याच्याकडे न बघता, "पाय न हलवता."

त्याने खाली पाहिलं. त्याची टाच उचललेलीच होती.

"मला दिसतो तुझा पाय," ती म्हणाली. आवाज तोच, फोनवरचा. "आंधळी नाहीये मी. आधी वाटायचं, खेळ आहे तुमचा दोघांचा. मग वाटायचं, खेळ नाहीये. मग मीच स्वतःला गप्प करायचे. मार हाक."

त्याने टाच खाली टेकवली. दोन्ही हात मांडीखाली घेतले. "बिटके," तो म्हणाला. मग जरा मोठ्याने, "बिटके!" मग मैदानात गाडी थांबवायला जो आवाज लावायचा तो लावून, "बिटके!" शेजारच्या टेबलावरचा मुलगा वळला, त्याची आजी वळली, ट्रे घेऊन चाललेला वेटर थांबला, कठड्यावरचं कबूतर उडालं. बिटकीने फटीतून एक लाल कपटा ओढून काढला, उन्हात धरून पाहिला आणि बाजूला ठेवला.

बायको बिटकीच्या पाठीकडे बघत होती. "पण ती घंटी," ती म्हणाली, आणि आता मात्र तो फोनवरचा आवाज राहिला नव्हता. "त्या दिवशी वळली होती ना रे ती? दोन्ही बाजूंना वळली. मी स्वतः उभी होते तिथे. मला शंका आली ना, की मी ती घंटी आठवायचे. म्हणायचे, अगं, तुझ्या डोळ्यांदेखत वळलीये. म्हणून बसले मी गप्प. घंटीला तर वळली होती ना?"

तिने त्याचा दंड धरला होता. अजूनही काही न बोलता बसता आलं असतं. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. ते पत्रकावरचं हसणारं पोर त्याच्या डोळ्यांसमोर आलं, मग ती रडणारी बाई. मागे कोणी बसलेलं नसेल, असं तो तिला म्हणाला होता.

"मी तिची मांडी दाबली होती," तो म्हणाला. "दोन्ही वेळा."

तिला आधी कळलं नाही. मग तिची बोटं त्याच्या दंडावरून सुटली. झटकली नाहीत, नुसती सुटली. "आणि गालिचा," ती म्हणाली. तो प्रश्न नव्हता. तरी त्याने मान हलवली. त्याला वाटलं, आता ती ओरडेल, चारचौघांत काय वाटेल ते बोलेल. तिने बोलावं म्हणून तो बसून राहिला. लाज वाटते असं तो दिवसभर स्वतःशी म्हणत होता. ती लाज नव्हतीच, नुसती पकडलं जाण्याची भीती होती. लाज ही आता कुठे आली, आणि तिला काही शब्द नव्हते. फक्त आपले हे दोन अंगठे हातांना कशाला आहेत, असं वाटत होतं.

बायको उठली. बिटकीच्या मागून नाही, लांबून वळसा घालून ती तिच्या पुढ्यात जाऊन उकिडवी बसली. तळहात तिच्या तोंडासमोर धरला, बोटं एकेक करून मिटली आणि उघडली. सकाळी त्या हिरव्या टी-शर्टातल्या बाईंना करताना बायकोने ते एकदाच पाहिलं होतं. बिटकीने हसून दोन्ही हात वर केले. तिला छातीशी घेऊन बायको उभी राहिली, आणि त्याच्याकडे न बघता पायऱ्या उतरून बाहेरच्या दाराच्या दिशेने चालायला लागली.

तो रिकामी बाबागाडी ढकलत मागे निघाला. तिचं एक चाक चुरचुरत होतं. "अगं," त्याने हाक मारली. "ऐक ना." तिची पाठ ताठ झाली, म्हणजे ऐकू गेलं होतं. ती वळली नाही. "अगं, थांब ना जरा." तिच्या खांद्यावरून बिटकी मागे बघत होती. टक लावून, नेहमीसारखी, त्याच्या तोंडाकडे. तो थांब म्हणाला तेव्हा तिनेही तोंड उघडलं आणि मिटलं. त्याच्यासारखंच, अगदी मन लावून, आवाज न करता. मग तो आणखी काय म्हणतो याची वाट बघत राहिली.

त्याने तोंड मिटलं. बाबागाडीच्या दांडीवरचा एक हात सोडवला, वर केला आणि बोटं मिटायला लागला. पहिल्यांदा चुकलं, दोन बोटं एकदम मिटली. त्याने पुन्हा सुरुवात केली. सगळी मिटून झाल्यावर एकदम उघडली. बिटकी इतक्या मोठ्याने हसली, की येणारीजाणारी माणसं वळून बघायला लागली. बायकोची पावलं थबकली. ती वळली नाही, पण पुढेही गेली नाही. तो हात तसाच वर धरून उभा राहिला.